घार सुटली त्या रविवारी

रंगनाथ आहेर कायमचा न्यूझीलंडला मुलाकडे राहायला जाणार हे उपेंद्र गायधनीला कळलं, तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. आकाश जरा मोकळं होईल."

रंगनाथ चहाच्या टपरीवर त्याच्या समोरच बसला होता. तोही काही कमी नव्हता. "तुझ्या विमानांना आकाश लागतंच कुठे? तुझी सगळी जमिनीतच जातात," असं म्हणून त्याने बशीतला चहा संपवला. मग दोघांनी बिस्किटाचा पुडा शिळा निघाल्याबद्दल टपरीवाल्याशी भांडण केलं आणि आपापल्या घरी गेले. वीस-बावीस वर्षांच्या मैत्रीतला सगळ्यात महत्त्वाचा विषय त्यांनी असा उरकला.

रिमोटवर चालणारी छोटी विमानं बांधायची आणि उडवायची, हा दोघांचा छंद. उपेंद्रची बायको श्यामला त्याला आजार म्हणायची. उपेंद्र विमा कंपनीतून निवृत्त झालेला, पंचवटीतल्या भटजी घराण्यातला. आजोबा-पणजोबांनी जन्मभर यात्रेकरूंना परलोकाची वाट दाखवली आणि हा पठ्ठ्या तासन् तास तोंड वर करून ढग बघत बसतो, असं त्याचे चुलतभाऊ म्हणत. रंगनाथ मूळचा सटाण्याकडचा, पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला. धरणांच्या कामात आयुष्य घालवलं, त्यामुळे पाण्याचा कंटाळा येऊन हवेकडे वळलो, असं तो सांगायचा. चिडला की मात्र त्याला शहरातली मराठी पुरत नसे, मग तो थेट अहिराणीत उतरायचा.

दोघांची ओळख झाली तेव्हा ते एकमेकांना 'अहो' म्हणत. पुढे एका रविवारी त्यांची विमानं हवेत समोरासमोर धडकली. खाली दोघांच्या तुकड्यांचा एकच ढीग झाला आणि त्यातला कुठला तुकडा कोणाचा हे ठरवता ठरवता 'अहो'चं 'अरे' झालं. त्या दिवसापासून त्यांनी एकमेकांशी एकही चांगला शब्द बोललेला कोणी ऐकला नव्हता, आणि एकही रविवार चुकवलेला कोणी पाहिला नव्हता.

रंगनाथची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या दिवाळीत तो जिन्यावरून पडला. मनगटाला प्लास्टर घातलं आणि ऑकलंडहून मुलाचा, योगेशचा, रोज फोन सुरू झाला. 'बाबा, आता एकटं राहायचं नाही.' रंगनाथने महिनाभर वाद घातला. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की वाद घालताना आपण स्वयंपाकघरात उभं राहून एकट्यासाठी कुकर लावतोय. त्याने हो म्हणून टाकलं. हे त्याने उपेंद्रला सांगितलं नाही. उपेंद्रने विचारलंही नाही. पण प्लास्टर होतं तोवर रंगनाथचा डबा गायधन्यांच्या घरून जात होता, आणि डबा द्यायला उपेंद्र स्वतः जायचा. 'भाजी उरली होती, गाईला घालायची तर गाय मिळाली नाही,' असं तो दारातच सांगायचा.

आता माणूस देश सोडून चालला म्हटल्यावर त्यांचं विमानं उडवणाऱ्यांचं मंडळ गप्प बसतंय होय? मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर दीपक कातकाडे हे पेशाने दातांचे डॉक्टर. दिवसभर लोक त्यांच्यासमोर आ वासून बसतात पण बोलू शकत नाहीत, त्यामुळे एकट्याने बोलायची त्यांना सवय लागलेली. विमान त्यांना फारसं उडवता येत नसे. कार्यक्रम मात्र झकास उडवता यायचा. मंडळात डझनभर माणसं, आणि समित्या त्याहून जास्त.

निरोप समारंभाला मार्च महिन्यातला रविवार ठरला. मंडळाची जागा म्हणजे चांदवडच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की लागणारा एक पडीक माळ. ओझरच्या विमानतळापासून लांब, वस्तीपासून लांब, आणि श्यामलाच्या मते अकलेपासूनही लांब. उपेंद्र स्कूटर लावून पाहतो तर बाभळीला भलामोठा फ्लेक्स बांधलेला. मधोमध रंगनाथचा फोटो, भोवती झेंडूच्या माळेची चौकट, खाली दोन समया आणि वर करड्या अक्षरांत 'भावपूर्ण निरोप'. फ्लेक्सवाल्याने आपला नेहमीचा नमुना काढून फक्त 'श्रद्धांजली' तेवढी खोडली होती.

वाटेने जाणारा एक म्हातारा थांबला. त्याने चपला काढल्या, फ्लेक्सला हात जोडले आणि शेजारीच उभ्या असलेल्या रंगनाथला हळूच विचारलं, "कधी गेले?"

"मंगळवारी जाणार हे," रंगनाथ म्हणाला.

म्हातारा बावरला आणि चपला हातात घेऊनच निघून गेला.

"फोटो छान आलाय," उपेंद्र म्हणाला. "जिवंतपणी इतका बरा कधी दिसला नाहीस."

"तू ये इकडे, शेजारी उभा राहा. म्हणजे अजून बरा दिसेन."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग समारंभ सुरू झाला. रंगनाथला भगवा फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली, गळ्यात हार घातला, एका हातात नारळ दिला आणि प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाकडे तोंड करून बसवलं. अध्यक्षांनी माइक हातात घेतला. मानवाला आकाशाचं आकर्षण कसं आदिम काळापासून आहे, इथून त्यांनी सुरुवात केली. आदिम काळातून बाहेर पडायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी गहिवरून ते म्हणाले, "रंगनाथराव यापुढे शरीराने जरी आपल्यात नसले..."

रंगनाथने खुर्चीतून उपेंद्रकडे पाहिलं. फेट्याखालून घामाची धार लागली होती. उपेंद्रने टाळ्या वाजवल्या. तो नेमक्या चुकीच्या जागी टाळ्या वाजवण्यात वाकबगार होता.

अध्यक्षांनंतर उपाध्यक्ष बोलले. मग खजिनदार. मग सूत्रसंचालकांनी पुढची नावं वाचून दाखवली. त्यात 'रंगनाथरावांचे जिवलग मित्र श्री. उपेंद्र गायधनी' हे नाव सगळ्यात शेवटी, मानाच्या जागी होतं. ते ऐकल्याबरोबर रंगनाथ खुर्चीतून उठला.

"आधी उड्डाण करू," तो म्हणाला. "हवा चांगली हे. भाषणं काय, सावलीतही होतील."

त्याने 'घार' बाहेर काढली. घार म्हणजे त्याचं ग्लायडर. माणसाहून जास्त लांब पांढरे पंख, फुलासारखं हलकं बाल्सा लाकूड, आणि नाकात एक छोटी मोटर. वर चढेपर्यंतच मोटर चालवायची, मग ती बंद करून गरम हवेवर नुसतं तरंगायचं. दोन वर्षं खपून त्याने ती बांधली होती. न्यूझीलंडला ती नेता येणार नव्हती. कोणाला देणार, हे त्याने सांगितलं नव्हतं. आपल्याला देईल असं उपेंद्रला वाटत होतं, म्हणून गेला महिनाभर तो प्रत्येकाला 'माझ्या घरात असल्या अडगळीला जागा नाही' असं न विचारता सांगत सुटला होता.

फेटा, शाल, हार अशा थाटात रंगनाथने घार सोडली. ती सरळ वर गेली. मोटर थांबली आणि आवाजही थांबला. माळावर पहिल्यांदाच छान शांतता झाली. तेवढ्यात अध्यक्षांनी माइकवर धावतं वर्णन सुरू केलं. "पाहा, पाहा, जणू रंगनाथरावांचा आत्माच..."

आत्मा जरा जास्तच वर गेला. घार एक गोल फिरली, दुसरा फिरली आणि वाऱ्याबरोबर हळूहळू पूर्वेकडे सरकायला लागली.

"रंगनाथ, वळव," उपेंद्र म्हणाला.

"वळत नाही. रिमोट ऐकत नाही."

पुढचं मिनिटभर नुसता गोंधळ. प्रत्येकाने एक सल्ला दिला आणि खजिनदारांनी दोन दिले. घार डोंगरांच्या दिशेने बारीक बारीक होत ठिपका झाली.

"गायधनी, गाडी काढ," रंगनाथ म्हणाला आणि तसाच स्कूटरवर मागे बसला.

"अहो, मानचिन्ह राहिलं!" मागून माइकवरून आवाज आला. स्कूटर तोवर बाभळीपलीकडे गेली होती.

कच्च्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला. मागे फेट्याचा शेमला फडफडत होता आणि हारातली फुलं एकेक करून रस्त्यावर गळत होती. एक वळण गेल्यावर उपेंद्र म्हणाला, "काल रात्री बॅटरी चार्ज केलीस ना?"

"केली."

"रिमोट नवा आहे."

"हो."

"मग ऐकत नाही म्हणजे काय?"

उपेंद्रने स्कूटर थांबवली आणि वळून बघितलं. रंगनाथ शाल नीट करत होता. शाल चांगली नीटच होती.

"बटण बंद केलं मी," तो म्हणाला.

"काय?"

"रिमोटचं बटण. बंद केलं. संपर्क तुटला की घार मोटर बंद करून आपोआप गोल फिरत खाली येते. तशी सोय केलेली हे. वाटलं, शेजारच्या वावरात पडेल, आणायच्या निमित्ताने उठता येईल. तर ती गरम हवेत घुसली आन गेली वर. पुन्हा बटण लावलं, तोवर लांब गेली होती."

"स्वतःच्या निरोप समारंभातून पळून जायला तू दोन वर्षांचं काम हवेत सोडलंस?" उपेंद्रचा आवाज चढला. "अरे, पोट दुखतंय म्हणायचं! लघवीला जातो म्हणायचं!"

"तुझं नाव वाचलं ना त्याने."

"मग? मी काय शिव्या देणार होतो तिथे?"

"शिव्या दिल्या असत्यास तर बसलो असतो की. चांगलं बोलणार होतास तू. माहीत हे मला. चार दिवस झाले, तोंड पाडून फिरतोयस." रंगनाथ रस्त्याकडे बघत होता. "तू माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागलास म्हणजे मी खरोखर मेलोच ना. मनं डोकं नको खाऊ आते, चाल."

उपेंद्रने गाडी सुरू केली. गेला आठवडाभर बाथरूममध्ये नळ सोडून तो त्या भाषणाची तालीम करत होता. 'रंगनाथ हा माझा' इथपर्यंत यायचं आणि पुढे गाडी अडायची. श्यामलाने बाहेरून दोनदा विचारलं होतं, बरं वाटत नाही का म्हणून. हे सगळं त्याने रंगनाथला सांगितलं नाही. फक्त एक खड्डा चुकवता आला असता, तो मुद्दाम चुकवला नाही.

विचारत विचारत ते पुढे गेले. विहिरीवर मोटर चालू करायला आलेल्या एकाने सांगितलं, पांढरं गिधाडासारखं काहीतरी कुसाबाईच्या मळ्याकडे गेलं. मळ्यात कांद्याचा ढीग पडला होता. भोवती बाया कांदे कापत बसलेल्या असणार, कारण विळे होते, टोपल्या होत्या, बसायची पोती होती. बाया मात्र सगळ्या लांब, लिंबाखाली गोळा झालेल्या. ढिगाशेजारी बाजेवर साठीची कुसाबाई एकटीच बसली होती. तिच्या पुढ्यात गोणपाटं टाकून काहीतरी झाकलेलं होतं आणि गोणपाटाखालून एक पांढरा पंख बाहेर आला होता.

तिने आधी फेटा पाहिला, मग शाल, मग हार.

"मत मागाया आले का?" ती म्हणाली. "इलेक्शन तर झालं ना आताच."

"नाही हो मावशी," रंगनाथ म्हणाला. "ते विमान आमचं हे."

"इमान?" कुसाबाईने गोणपाटावर हात ठेवला. "डरोन हाय हे. लय फिरून ऱ्हायले हल्ली. घरं हेरून जात्यात आन मंग चोऱ्या व्हत्यात. आवाज नाय, काय नाय, बायांच्या डोक्यावरून गेलं सरळ. सगुणाबाई इळा टाकून पळाली, अजून धाप लागलीय तिला. पोलीस पाटलाला फोन केलाय मी."

"चोर कधी फेटा बांधून येतो का?" रंगनाथने विचारलं.

"आजकाल तेच जास्त येत्यात," कुसाबाई म्हणाली. लिंबाखालून हसू आलं.

रंगनाथने रिमोट दाखवला. कुसाबाई म्हणाली, तसला तर टीव्हीचा पण असतो. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. ती म्हणाली, फोटो काय, हवेत होतं तेव्हा कोणीबी काढंल. रंगनाथची अहिराणी घशापर्यंत आलेली दिसली, तेव्हा उपेंद्र पुढे झाला.

"मावशी, गोणपाट काढू नका. झाकलेलंच राहू द्या. मी न बघता सांगतो, मग तुम्ही उघडून बघा."

"सांगा."

"डाव्या पंखाखाली निळी पट्टी आहे, वीतभर. माझं विमान घुसलं होतं तिथे. शेपटीला ठिगळ आहे, पिवळं. ती माझ्या पायाखाली आली होती. उजव्या पंखाचं टोक बाकीच्यापेक्षा नवं दिसेल. ते माझ्या स्कूटरच्या डिकीत चेमटलं. पोटाला खाली भोक बुजवलेलं आहे. तिथे मी गरम इस्त्री टेकवली होती, वरचा प्लास्टिकचा कागद चिकटवायला मदत करताना. आणि नाकावर बारीक अक्षरात एक नाव आहे, 'सुमन'. त्याची बायको. ते मात्र मी काही केलेलं नाही. ते तसंच चांगलं आहे."

कुसाबाईने गोणपाट बाजूला केलं आणि वाकून एकेक ठिकाण पाहिलं. निळी पट्टी, पिवळं ठिगळ, नवं टोक, भोक. नाकापाशी ती थांबली. वाचता येत नसावं, पण अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कमरेवर हात ठेवून उपेंद्रकडे बघायला लागली.

"म्हंजी सगळी मोडतोड तुमीच केली?"

"हो."

"मंग तुमी याचे कोण? वैरी का काय?"

उपेंद्रने तोंड उघडलं. बाथरूमातल्या नळाखाली जसं झालं होतं तसंच पुन्हा झालं. 'मी याचा' इथे येऊन गाडी अडली. मळ्यात सगळ्या बाया कान देऊन उभ्या, आणि विमा विकून आयुष्य काढलेल्या माणसाला एक शब्द सापडेना.

"वैरीच," शेवटी रंगनाथ म्हणाला. "पण मोडलेलं सगळं जोडायला तोच बसायचा. रात्र रात्र बसायचा. वाकडं जोडायचा, पण बसायचा."

बोलून झाल्यावर त्याने फेटा काढून काखेत धरला. उपेंद्र कांद्याच्या ढिगाकडे बघत होता. कापलेल्या कांद्यांचा वास भरपूर होता, त्यामुळे डोळ्यांना पाणी आलं तरी कोणाला जाब द्यायची गरज नव्हती.

"बसा," कुसाबाई म्हणाली. "सगुणे, ये गं, माणसंच हायेत. च्या टाक."

चहा आला. मागोमाग बाजरीची भाकरी आली, ठेचा आला आणि ढिगातलाच एक कांदा बुक्कीने फोडून आला. कुठे चाललात म्हणून कुसाबाईने विचारलं, तेव्हा रंगनाथने सांगितलं. न्यूझीलंड किती लांब, या प्रश्नावर तो म्हणाला, इथून खाली भोक पाडत गेलं तरी समुद्रात निघतं, पुढे पोहत जावं लागतं. कुसाबाईने विचार केला आणि म्हणाली, "तिथं मोडाया कोण हाय मंग?" रंगनाथने भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

अध्यक्षांचे फोनवर फोन येत होते. रंगनाथने आधी आवाज बंद केला, मग फोनच बंद केला. उन्हं कलेपर्यंत दोघं त्या बाजेवर बसून होते. सगळ्या गप्पा विमानांच्याच झाल्या. कोणतं कधी पडलं, कोणामुळे पडलं, आणि त्यात उपेंद्रचा दोष किती.

घारीची शेपटी मोडली होती, एक पंख मुळातून निखळला होता. निघताना रंगनाथने तुकडे गोणपाटात गुंडाळले आणि उपेंद्रच्या हातात दिले.

"माझ्या घरात जागा नाही," उपेंद्र म्हणाला.

"माहीत हे. महिनाभर ऐकतोय. धर."

उपेंद्रने धरलं.

मंगळवारी सकाळी मुंबईची गाडी रंगनाथच्या दारात आली. उपेंद्र कोणालाही पोचवायला जात नसे, असलं नाटक त्याला जमत नाही म्हणायचा. त्या दिवशीही तो पोचवायला गेला नाही. शेपटीसाठी कोणता गोंद वापरू, हे विचारायला गेला. फोनवर विचारता आलं असतं, पण नीट कळलं नसतं.

"पातळवाला," रंगनाथ बॅगा चढवताना म्हणाला. "आणि घाई करू नकोस. तुझा हात जड हे."

"तिथली विमानं पाडू नकोस. नाव आमचं खराब होईल."

"जातो."

"येतो म्हणायचं असतं."

"येतो," रंगनाथ म्हणाला. त्याने उपेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि खांद्यावरचा लाकडाचा भुसा झटकल्यासारखं केलं. भुसा खरंच होता. पहाटेपासून उपेंद्र शेपटी घासत बसला होता.

तीन आठवड्यांनी घार पुन्हा माळावर आली. शेपटी किंचित तिरकी बसली होती. उपेंद्रने ती सोडली, वर चढवली, मोटर बंद केली. पहिलं वळण इतकं गचाळ झालं की घार बाजूला कलली, झोकांडी खाऊन खाली आली आणि जेमतेम सावरली. कशीबशी त्याने ती उतरवली. उतरतानाही ती दोनदा आपटली.

"वा! काय उड्डाण! काय सफाई!" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "रंगनाथरावांची उणीव भासू दिली नाहीत, गायधनीसाहेब."

"डॉक्टर, खरं सांगा. वळण कसं होतं?"

"अप्रतिम! फारच सुंदर!"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळी सज्जन, सुसंस्कृत माणसं. उपेंद्रने एकेकाच्या तोंडाकडे आशेने पाहिलं. कोणीही त्याला गाढव म्हणालं नाही.

त्याने गॉगल काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मग घार आणायला तो माळावरून चालत गेला. घार बरीच लांब पडली होती.